पाठीमागून हाक

बहिऱ्या माणसाशी भांडायचं म्हणजे समोर जाऊन भांडावं लागतं. इतर बायका चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता नवऱ्याच्या सात पिढ्या काढतात. त्यांचं काम सोपं. मला आधी पिठाचे हात धुवायचे, पदर खोचायचा, ओट्यावर जाऊन ह्यांच्या नाकासमोर उभं राहायचं आणि मगच तोंड सोडायचं. तेही मोठ्यानं, कारण शेजारीपाजारी ऐकत असतात आणि ह्यांना सगळं ऐकू येतं असं त्यांना वाटलं पाहिजे. चौदा वर्षं मी हे केलं. तांबट आळीत सगुणाबाईइतकी भांडखोर बाई नाही असा माझा लौकिक झाला, तो मी नवऱ्यापायी कमावलेला आहे.

आमचे हे म्हणजे देवराम तांबट. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्ट सांगायची तर एकदा घेणं भागच होतं. घेतलं. आता मी घेणार नाही.

जर्मनच्या लढाईत सरकारला तोफखान्याच्या कारखान्यासाठी तांबट नि कल्हईवाले हवे होते. हे आणि भद्रकालीतले निजामभाई कल्हईवाले दोघं मिळून भरती झाले आणि बोटीनं बसऱ्याला गेले. तिथं एके दिवशी दारूगोळ्याची कोठी उडाली. निजामभाईंची पाठ भाजली. ह्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, फक्त दोन्ही कान गेले. फौजेतून सुटी होताना डॉक्टरनं विचारलं ते निजामभाईंनी ह्यांना खुणांनी समजावलं, काही तक्रार आहे का? तक्रार सांगणाऱ्याला इस्पितळात ठेवून घेत होते, आणि घरी नेणारी बोट तर धक्क्याला लागलेली. ह्यांनी मान हलवली, काही नाही म्हणून. कागदावर तसंच उमटलं.

घरी आले त्या दिवशी मी मागून म्हटलं, "पाणी काढलंय." हे जागचे हलले नाहीत. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडले. मग पुढं जाऊन बघितलं तर हे आपले अंगणातल्या तुळशीकडं बघत बसलेले. माझ्या तोंडाकडं बघून काय ते समजले, माझा हात धरला आणि म्हणाले, "कोणाला सांगू नकोस."

सांगणार तरी कशी? तांबटाचं निम्मं काम कानावर चालतं. घागर मठारताना, म्हणजे ठोकून ठोकून घडवताना, ठोका कुठं बद्द पडला ते कान सांगतो, आणि गिऱ्हाईकसुद्धा टिचकी मारून, आवाज ऐकूनच भांडं घेतं. बहिऱ्या तांबटाला घागर घडवायला कोण देईल? म्हणून हे डावा पंजा भांड्याच्या पोटाला लावून काम करायला शिकले. आवाज हाताला कळू लागला. ह्यांच्या घागरीला कधी कोणी नाव ठेवलं नाही.

आणि आमची आळीही अशी, की तिथं बहिरा माणूस सहज खपून जातो. दिवसभर पंचवीस-तीस हातोडे चालतात. त्या ठणठणाटात धडधाकट कानांची माणसंही एकमेकांच्या ओठांकडं बघून, हातवारे करूनच बोलतात. बाकीचं मी सांभाळलं. ह्यांचा आवाज चढला की मी कानातल्या कुड्यांना हात लावायची, फार उतरला की पदर सावरायची. हे बघायचे आणि आवाज बेताचा करायचे. खरी गोष्ट फक्त मला आणि निजामभाईंना ठाऊक होती, आणि मला त्याचा मनातून तोरा होता, हेही कबूल करते.

काही गोष्टी आपोआपच आमच्या बाजूनं होत्या. दुपारी बाराला सगळी आळी हातोडे ठेवते. ह्यांच्या शेजारी खंडूतात्या बसतात, आळीतले सगळ्यांत म्हातारे कारागीर. त्यांना बारा वाजले की पाय ताणायची सवय. तो पाय नेमका ह्यांच्या ऐरणीच्या ओंडक्याला लागायचा, आणि हे थांबायचे. मी म्हणायची, देवच करून घेतो. आळीतली पोरंही शहाणी, काही सांगायचं तर वळसा घालून पुढ्यात येऊन उभी राहायची. आणखी एक गंमत म्हणजे आमच्या आळीत मधूनच काही कारण नसताना नारळ फुटायचा. सण नाही, वार नाही, नि शेजारची कलाबाई खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "कालिकेचा प्रसाद." मी खायची.

अशी चौदा वर्षं गेली. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. बाजारात ॲल्युमिनची भांडी आली. लोक त्यांना जर्मनची भांडी म्हणतात. निजामभाई म्हणायचे, "आधी जर्मननं कान घेतले, आता धंदा घेतोय." ती भांडी हलकी, स्वस्त, कल्हई नको नि घडाई नको. आळीतले हातोडे पंचविसाचे पंधरा झाले. आणि दुसरं म्हणजे ह्यांची नजर मंदावली. दिवसा ठीक चालायचं, पण दिवे लागले की माझे ओठ ह्यांना दिसेनात. मी कंदील तोंडाशी धरून बोलायची. कधी तेल वाचवायला कंदील बारीक केला की हे गप्प भिंतीकडं बघत बसायचे. मला मेलीला भीती पडली. आधी कान गेले, आता डोळे गेले तर हा माणूस जगायचा कसा नि खायचा काय?

देवळालीच्या छावणीत निजामभाई भांडी कल्हई करायला जात. तिथून ते बातमी घेऊन आले. "वहिनी, लढाईत अधू झालेल्यांचे अर्ज सरकार पुन्हा घ्यायला लागलंय. पेन्शन मिळंल. देवरामचा हक हाय."

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "नको. आळीत कळेल."

मी समोर जाऊन भांडले. त्या दिवशीचं भांडण खरं होतं. शेवटी म्हटलं, "डोळे गेल्यावर मी कोणाशी भांडू?" तेव्हा कबूल झाले, पण गाजावाजा करायचा नाही या अटीवर.

कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडून अर्ज लिहून घेतला. छावणीतल्या डॉक्टरनं ह्यांना तपासलं. मागं उभं राहून घंटी वाजवली, डबा आपटला, खुर्ची पाडली. हे आपले खिडकीबाहेरच्या घोड्याकडं बघत होते. डॉक्टरनं लिहून दिलं, पूर्ण बहिरा. मी येताना काळारामाला पेढे ठेवले. उतावळी बाई, दुसरं काय!

महिन्यानं कचेरीतून उलटा सवाल आला. माणूस बहिरा आहे हे मान्य. पण तो लढाईनं बहिरा झाला कशावरून? धंदा तांबटाचा, आणि तांबट ठोक्यांनी बहिरे होतातच. सुटीच्या कागदावर तर तक्रार नाही असं आहे. तेव्हा लढाईवरून परतला तेव्हापासूनच बहिरा आहे, असे पाच शेजाऱ्यांचे जबाब हवेत. ते घ्यायला कारकून स्वतः आळीत येणार.

म्हणजे ज्या आळीपासून चौदा वर्षं लपवलं, तिनंच आता साक्ष द्यायची! मी कपाळाला हात लावला.

कारकून आला तो भर सकाळी, बरोबर शिपाई आणि काखेत दप्तर. काळा कोट, चष्मा, नि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. त्यानं एकेकाला विचारायला सुरुवात केली. मी दाराआड उभी.

"हा देवराम बहिरा आहे?"

"कोण, देवराम?" समोरच्या ओट्यावरचा झिपरू म्हणाला. "साहेब, मुंगी चालली तरी ऐकू येतं त्याला."

"लढाईवरून आला तेव्हा?"

"तेव्हा तर आणखी तिखट कान होते."

कलाबाई म्हणाली, "बायकोचं सगळं ऐकू येतं, म्हणून तर वाळलाय बिचारा." खंडूतात्यांनी हातोडा खाली न ठेवताच सांगितलं, "आळीत ह्याच्यासारखा कान नाय कोणाचा. लिहून घ्या." पाचांनी अंगठे उठवले. कारकुनानं चष्म्यावरून ह्यांच्याकडं बघितलं, दप्तर बांधलं आणि निघून गेला.

मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं रंगवलेलं नाटक इतकं उत्तम वठलं होतं, की त्यानंच आमच्या पानातलं काढून घेतलं. हे ओट्यावर बसून घागर मठारत होते. सगळ्यांचे ओठ त्यांना दिसले होते. जेवताना एवढंच म्हणाले, "बरं झालं. मिटलं."

माझं मिटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आळी जेवायला पांगली तेव्हा मी खंडूतात्यांच्या घरी गेले. डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्याशी बसले आणि म्हटलं, "तात्या, माझं चुकलं. आळीला फसवलं मी. ह्यांना ऐकू येत नाही, लढाईवरून आल्यापासून नाही. एवढी वर्षं मी सोंग केलं. आता पाया पडते, पण कचेरीत खरं सांगा."

तात्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. म्हणाले, "पोरी, आम्हाला ठाऊक नाय व्हय?"

"काय?"

"तो आला त्याच आठवड्यात कळलं. दगडूशेटच्या घराची भिंत पडली त्याच्या मागं. सगळी आळी धावली, हा मठारत बसला. त्याच दिवशी पंच बसले कालिकेपुढं. तो सांगत नाय तर आपण विचारायचं नाय. आणि त्याच्या मागून हाक मारायची नाय, समोर जाऊन बोलायचं. मोडलं तर नारळ." ते ओशाळं हसले. "माझा पाय काय दुखतो का गं रोज बाराच्याच ठोक्याला?"

मी उंबऱ्यावर बसल्या बसल्या चौदा वर्षं पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातली. वळसा घालून येणारी पोरं. कलाबाईचं खोबरं. मी मेली खात होते, नि विचारत नव्हते. मला रडू आलं, आणि रागही आला. रागच आधी आला.

"मग काल खोटं का बोललात?"

"सरकारचा माणूस वही घेऊन आला! आम्हाला वाटलं, कोणीतरी चुगली केली, देवरामचं काम काढून घ्यायला आले. झिपरू तर त्याला चोप द्यायला निघाला होता. तुम्ही पेन्शनचं सांगायचं की नाय आधी?"

बरोबरच होतं. आम्ही त्यांच्यापासून लपवलं, त्यांनी आमच्यापासून, आणि दोघांनी मिळून सरकारपासून.

तात्या उठले, हात धुतला आणि म्हणाले, "पंचांची वही कालिकेच्या देवळात हाय. तिथी घातलेली हाय तिच्यात."

सोमवारी आम्ही कचेरीत गेलो. हे, मी, निजामभाई आणि आधीच्या जबाबातले पाचही जण. ह्यांना एवढंच सांगितलं होतं, की तात्या साक्ष फिरवायला तयार झालेत, मी त्यांचे पाय धरले म्हणून. जाताना वाटेत तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "वहीचं त्याला कळू द्यायचं नाय. माणसाला लाज वाटंल."

कारकून भडकलाच. "त्या दिवशी मुंगीचं चालणं ऐकू येत होतं, आज बहिरा! दोनांतला एक जबाब खोटा. कोणता?"

"त्या दिवशीचा," तात्या म्हणाले.

"खोट्या जबाबाला शिक्षा असते, म्हातारबा, ठाऊक आहे?"

"असंल. म्या सत्तरीचा हाय. कितीशी भोगीन?"

"आणि आजचा खरा कशावरून?"

तात्यांनी फडक्यातून वही काढली. तेलकट, हळदीकुंकवाचे डाग पडलेली, दोऱ्यानं शिवलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आमच्यावर इस्वास ठेवू नका. माणूस खोटं बोलतो. ही देवीपुढची हाय. पण साहेब, एक इनंती. वही तोंडापुढं धरून वाचा."

"का?"

"तो ओठ वाचतो."

कारकुनानं ह्यांच्याकडं बघितलं. मग वही उचलली, तोंडापुढं धरली आणि वाचू लागला. आम्हाला फक्त त्याचा चष्मा दिसत होता.

"शके अठराशे एक्केचाळीस, आश्विन शुद्ध दशमी. लढाईवरून आल्यापासून देवराम यास ऐकू येत नाही असे सर्वांस दिसून आले. तो आपण होऊन सांगेल तोवर आळीने विचारू नये. त्यास पाठीमागून कोणी हाक मारू नये, समोर जाऊन बोलावे. हे मोडेल त्याने कालिकेपुढे एक नारळ फोडावा." पुढं नारळ फोडणाऱ्यांची नावं होती. झिपरूचं तीनदा होतं, कलाबाईचं एकदा, आणि खुद्द तात्यांचंही एकदा.

कारकून वाचून थांबला तरी वही त्यानं लवकर खाली घेतली नाही. खाली घेतली तेव्हा चष्मा पुसत होता. "मूळ वही ठेवून घ्यावी लागेल," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "नक्कल करून परत देईन. जपून."

परतताना आळीची मंडळी पुढं गेली. आम्ही दोघं नदीच्या, आमच्या गंगेच्या, कडेकडेनं चाललो. हे मध्येच थांबले आणि मला समोर वळवून विचारलं, "काय वाचलं त्यानं?"

"काही नाही. जुन्या नोंदी."

"नारळाचं होतं का?"

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे?"

"झिपरूनं पहिला नारळ फोडला त्याच दिवशी कळलं. समोरच्या ओट्यावर बसून सांगत होता सगळ्यांना, देवरामला मागून हाक मारली म्हणून दंड झाला. मागून नाही बोलायचं हे आळी पाळते. पण मी समोरून वीस हातांवरचेही ओठ वाचतो, हे कोणाच्या ध्यानातच येत नाही."

"आणि तात्यांचा पाय?"

"बारा वाजलेले मला उन्हावरून कळतात. पण तात्या इतक्या हौसेनं पाय ताणतात. आधीच थांबलो तर त्यांना काय वाटेल?"

म्हणजे आळीला ठाऊक, ह्यांना ठाऊक, आणि चौदा वर्षं घसा फोडून नाटक करणारी मी एकटीच! मी तिथंच तोंड सोडलं. हे शांतपणे ओठ वाचत राहिले.

"मग मला का नाही सांगितलंत? आणि एवढं सगळं ठाऊक होतं तर आळीत कळेल, आळीत कळेल, असं काय धरून बसला होतात?"

"तुला भांडायची हौस होती," हे आधी म्हणाले. मग हसू मावळलं. नदीकडं बघत म्हणाले, "बोलून दाखवलं नव्हतं तोवर ती आळीची रीत होती, सगुणा. बोललं की उपकार होतो. उपकार रोज डोक्यावर घेऊन त्यांच्या शेजारी बसायचं कसं मी?"

घाटावर बायका धुणं आपटत होत्या. त्यांच्यादेखत मी रडले, आणि कुड्यांना हात लावला, कारण ह्यांचा आवाज चढला होता.

तात्यांना मी यातलं काही सांगितलं नाही. आळीत मात्र दुसऱ्या दिवशी पेच पडला. झिपरू म्हणाला, आता त्यानं आपण होऊन सांगितलं, मग रीत संपली की नाय? तात्या म्हणाले, "सरकारला सांगितलं. आपल्याला कुठं सांगितलंय?" आणि बाराच्या ठोक्याला त्यांनी पाय ताणला. हे थांबले. मी दारातून बघत होते, आणि दोघांपैकी कोणाचं नाटक जास्त चांगलं ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी तोच कारकून आळीच्या तोंडाशी दिसला. एका हातात आमची वही, दुसऱ्या हातात लाखेची मोहर लावलेला लखोटा. पेन्शन मंजूर झाली होती, आणि शिपायाला न पाठवता तो स्वतः सांगायला आला होता. हे त्याच्याकडं पाठ करून बंबाचं नळकांडं ठोकत होते. आनंदाच्या भरात कारकुनानं लांबूनच हाक मारली, "देवराम! अहो देवराम!"

सगळे हातोडे थांबले. एकच चालू होता.

खंडूतात्या उठले. गुडघे धरत धरत कारकुनासमोर गेले आणि हात पुढं केला. "साहेब, नारळ."

कारकून गोंधळला, मग त्याच्या ध्यानात आलं. लखोटा काखेत मारून तो मुकाट्यानं भद्रकालीच्या बाजारात गेला आणि नारळ घेऊन आला. देवळात फोडला. वहीत झिपरूच्या नावाखाली आपलं नाव त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं, हुद्द्यासकट. मग वळसा घालून ह्यांच्या पुढ्यात येऊन बसला, खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला, आणि ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हणाला, "तुमचं काम झालं."